खानवाली

माझ्या संशयी स्वभावाला घरातले सगळे कंटाळले होते. आई म्हणायची, हिला आरशातली बाईसुद्धा खोटी वाटते. पण रबाळ्याजवळ आम्हाला सोडतीत घर लागलं, तेव्हा बाबांचं वागणं कुणालाही संशय यावा असंच होतं. त्यांचं जन्मगाव आमच्या खिडकीतून दिसायचं. देवळाचा कळस, खाडीकडची घरं, मागचा डोंगर. जायला रिक्षाही लागली नसती. आणि बाबा तिकडे पाठ करून पेपर वाचायचे. विचारलं तर म्हणायचे, "तिथं आपलं कुणी नाही."

मला माहीत होतं ते एवढंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजोबा बोटीवर खलाशी म्हणून गेले. परत आले तेव्हा त्यांची बायको, म्हणजे माझी आजी, वारलेली होती आणि मागे एक रांगतं पोर होतं. ते पोर म्हणजे बाबा. आजोबांनी त्यांना परळला आणलं आणि साताऱ्याकडच्या एका बाईशी दुसरं लग्न केलं. आजीचा घरात एक फोटो नव्हता. सर्वपित्रीला तिचं पान वाढलं जात नसे. हे जरा जास्तच होतं, असं मला शाळेत असल्यापासून वाटायचं.

वास्तुशांतीला आत्या आली. ही बाबांची सावत्र बहीण, जिभेला हाड नसलेली. जिलबी खाता खाता खिडकीशी गेली आणि म्हणाली, "अगं बाई, हेच का त्या खानवालीचं गाव?"

बाबांनी ताट खाली ठेवलं आणि ते जिना उतरून गेले. मी आत्याला बेसिनपाशी गाठलं.

"तुला ठाऊकच नाही?" ती हात धुता धुता म्हणाली. "नवरा लढाईवर आणि ही इकडं कुणा खानाकडं. आमची आई नवी नवरी म्हणून गावात गेली, तेव्हा तिथल्या बायकाच म्हणाल्या, पहिली खानवाली होती. आई दादावर चिडली की म्हणायची, खानवालीचं कार्टं. त्याचं नाक बघ, रंग बघ. आमच्यात आहे का कुणाचं तसं?"

त्या दिवसापासून मी बाबांवर पाळत ठेवली, दुसरा शब्द नाही. मुंबईतल्या दंगलींना फार काळ लोटला नव्हता. सोसायटीत लोक दारावरच्या पाट्या वाचून कोण कुठला ते ठरवत होते. गच्चीवर त्या गप्पा निघाल्या की बाबा उठून जायचे, कुणाच्याच बाजूने बोलायचे नाहीत. समोरचं कुटुंब उरणकडचं, मुसलमान. त्यांच्याकडून ईदला शीरखुर्मा आला. बाबांनी वाटी घेतली, बाल्कनीत एकटे उभे राहून खाल्ला आणि मग बराच वेळ ती रिकामी वाटी हातात धरून राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माणूस स्वतःच्या बापाबद्दल असा आयुष्यभर चाचपडत राहतो आणि घरात कुणाला सांगत नाही?

रविवारी मासळी आणते म्हणून निघाले आणि थेट गावात गेले. देवळाच्या ओट्यावर विचारलं. आजीची धाकटी बहीण अजून होती. अंगणात सुकट निवडत बसलेली. मी कोण ते कळल्यावर तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडायला लागली. एवढं प्रेम काहीतरी झाकण्यासाठी असणार, असं मला पहिल्यांदा वाटलं. म्हणून मी आडवळणाने न जाता विचारलं, "माझ्या आजीला खानवाली म्हणायचे?"

"म्हनायचेच की. खानवालीच व्हती ती."

लाज नाही, लपवाछपवी नाही. मीच गोरीमोरी झाले. "कधीपासून?"

"लराई लागली तवापासून. तुजा आजा बोटीवर गेला, तवा ती पोटुशी व्हती. बाजारात तांदूल मिलं नाय. मंग काय करल? जायाची."

म्हणजे बाबा आजोबांचेच. ते ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं खानातच अडकलेलं. "कुणाबरोबर जायची?"

"आमच्याबरोबर! मी बी खानवालीच. माजी जाव बी. गावाच्या सगल्या बायका खानवाल्या झाल्या व्हत्या."

एक खान आणि अख्खं गाव? मी चाचरत विचारलं, "तो खान राहायचा कुठे?"

म्हातारीने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग हनुवटीने मागचा पोखरलेला डोंगर दाखवला. "राहील कुठं? ती काय खान. तितंच हाय. लष्कराच्या रस्त्याला दगर फोरायचो आमी." तिने पंजा पुढे केला. दोन बोटांची टोकं चेपून सपाट झाली होती.

खाण. या लोकांच्या तोंडात ण नाही. पाण्याचं पानी होतं, तशी खाणीची खान झाली होती. घाटावरून आलेल्या नव्या नवरीने ऐकलं ते तिच्या कानाला खरंच वाटलं असेल. पण आजोबा? ते तर याच गावचे. बायको आपल्या पोराला काय म्हणून शिव्या घालते, हे त्यांना समजत नव्हतं? की पहिलीची आठवण निघण्यापेक्षा त्यांना तेच सोयीचं होतं? हा संशय माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

"मेली कशाने?" मी विचारलं.

"तुजा बापूस झोलीत, झाराला टांगलेला. सुरुंग लावला आनि कोनी हाकच नाय दिली. आमी पलालो. ती उलटी पलाली, पोराकडं. त्याच्यावर वाकली." पुढचं तिने हातानेच दाखवलं. "पोराला काय नाय झालं."

मी मासळी न घेताच घरी आले. बाबा पेपर घेऊन बसले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. खान नाही बाबा, खाण, दगडाची. झोळी, सुरुंग, सगळं.

"मी तिला काय काय म्हणालो मनातल्या मनात," ते म्हणाले. "इतकी वर्षं." मग मोठ्याने रडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं, मीही नाही.

जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तिचं नाव काय होतं गं?"

खान राहायचा कुठे, कधीपासून, कुणाबरोबर, सगळं खोदून खोदून विचारून आले होते. नाव विचारलं नव्हतं.

"आत्ता जाऊन विचारून येते," मी म्हणाले.

बाबा उठले आणि दारापाशी जाऊन चपला शोधू लागले.

"तू बस," ते म्हणाले. "मी विचारतो."