सलूनमध्ये ऐकलेली बीट

सलूनमध्ये केस कापून घेत होतो, तेवढ्यात सलूनवाल्याच्या मोबाइलवरच्या रॅपमध्ये आईचं कपडे धोपटणं ऐकू आलं. तो आवाज मी मोरीच्या दारात उभा राहून रेकॉर्ड केला होता आणि कीबोर्डवर त्याची बीट बांधली होती. ऐकवली होती फक्त निखिलला, शाळेपासूनच्या दोस्ताला. "पाठव ना, घरी नीट ऐकतो," म्हणाला होता.

"आपल्या निखिलचं गाणं," सलूनवाला कौतुकाने म्हणाला. "बीटपण त्यानेच केलीय."

मला मान हलवता येईना. कानापाशी कात्री होती.

चोरीला गेलेली वस्तू निदान घरातून नाहीशी होते. माझी बीट अजून कीबोर्डमध्येच आहे. पण हल्ली आई कपडे धुवायला बसली, की मी दार लावून घेतो. पुढच्या ठोक्याला निखिल बोलायला लागेल असं वाटतं.