अर्ध्या कोबीचे साहेब

मी एका माणसाची बसायची जागा घालवली. भांडून नाही, हाकलून नाही. भलं करायला गेले आणि घालवली. भांडून घालवली असती तर निदान भांडण मिटवता तरी आलं असतं.

मंडईतल्या शेवटच्या रांगेत, नळाजवळ माझा गाळा. बत्तीस वर्षं मी तिथं भाजी विकते. नवरा होता तोवर दोघं होतो, तो गेल्यापासून एकटी. माझं तोंड फटकळ आहे हे तुम्हाला मंडईत कुणीही सांगेल, विचारायचीही गरज नाही.

साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे साहेब. वर्षातून एकदा पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन यायचे, एकेकाचा काटा तपासायचे आणि शिक्का मारायचे. ते फाटकातून आत आले की नळापर्यंत कुजबुज पोचायची, आणि चोराच्या मनात चांदणं, भल्याभल्यांचे हात थरथरायला लागायचे. चाळीस वर्षांत त्यांनी मंडईतला कपभर चहा घेतला नाही. एकदा भर उन्हाळ्यात घामानं निथळत होते म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणाले, "नको बाई. काम झालं की नळावर पिईन." आणि खरंच नळावर प्यायले, ओंजळीनं, माझ्या डोळ्यांदेखत. त्याच दिवशी माझा काटा एका बाजूला झुकतो म्हणून बंद करून गेले. मी आठ दिवस शिव्या घातल्या त्यांना. काटा झुकत होता हे खरंच होतं, पण म्हणून कुणी शिव्या द्यायचं थांबतं का?

पुढे ते निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, मुलगी लग्न होऊन दूर परदेशात. हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच की एका बुधवारी संध्याकाळी साहेब कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभे, आणि विचारतायत, "अर्धा कोबी मिळेल?"

आता अर्ध्या कोबीचं असं असतं. गड्डा कापला की कापलेली बाजू बघता बघता काळी पडते आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून माझा नियम आहे: दुसऱ्या अर्ध्याचं गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय गड्ड्याला सुरी लावायची नाही.

"थांबावं लागेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, बघू तरी, लोकांचे काटे बंद करणारे किती वेळ उभे राहतात.

ते तासभर उभे राहिले. शेवटी मलाच लाज वाटली. मी एक क्रेट उलटं केलं आणि त्यांच्याकडे सरकवलं.

"इथं बसलो तर तुमची अडचण नाही ना?" त्यांनी विचारलं.

"अडचण असती तर सांगितलं असतं. मला बोलायला मुहूर्त लागत नाही."

बसले. थोड्या वेळानं शाळेतल्या बाई आल्या. त्याही एकट्याच राहतात. त्यांना अर्धा हवाच होता, कारण अख्खा गड्डा म्हणजे आठवडाभर तेच तेच. मी सुरी लावली, एक अर्धा साहेबांच्या पिशवीत, एक बाईंच्या. साहेब उठले, क्रेट जागच्या जागी ठेवलं आणि गेले.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी. दोन वर्षं. मी एकदा मुठीएवढा छोटा गड्डा काढून ठेवला होता त्यांच्यासाठी. म्हटलं, "हा घ्या अख्खा, थांबायला नको." तर म्हणाले, "नको. मला अर्धाच बरा." मी म्हटलं, हट्टी म्हातारा आहे, असेना का. अक्कल माझी!

समोरचा कांदेवाला मला चिडवायचा. "काय ताई, तुझ्या गाळ्यावर सरकारी पहारा बसलाय!" पण बुधवार-शनिवार त्याच्याकडेसुद्धा कांदे पुरेपूर वजनाचे मिळायचे, हे मी बघत होते. त्या दोन दिवशी त्याचं गिऱ्हाईक खूश आणि तो स्वतः तोंड पाडून.

साहेब बोलायचे कमीच. दोन्ही हात काठीवर ठेवून माझ्या काट्याकडे बघत बसायचे. दुसरा अर्धा न्यायला जो येईल त्याला मात्र हमखास विचारायचे, "तुम्ही कशी करता भाजी?" कधी शाळेतल्या बाई असायच्या, कधी इस्त्रीवाला, कधी दवाखान्यातली नर्स. बाई एकदा म्हणाल्या, "मी बटाटा घालते." पुढच्या वेळी साहेब म्हणाले, "मीही बटाटा घातला. जरा करपली."

"झाकण ठेवलं होतं का? झाकणावर पाणी?"

"ठेवायचं असतं?"

बाई हसल्या, मी हसले, कांदेवालासुद्धा पलीकडून हसला. साहेब हसले की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांनी खिशातून डायरी काढून त्यात "झाकण" असं लिहून घेतलं.

दिवसभर माझ्याशी शंभर माणसं बोलतात आणि सगळी भाव विचारतात. साहेबांनी एकदा विचारलं, "आज डाव्या गुडघ्यावर भार देत नाही तुम्ही. दुखतोय का?" मी म्हटलं, "वय झालं, दुखणारच." पण त्या दिवशी घरी जाताना मला ते आठवत राहिलं. माझ्या मुलाच्या सहा महिन्यांत लक्षात आलं नव्हतं ते.

मग सुनेनं एक रोल आणला. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. सुट्टीच्या दिवशी ती मंडईत आली होती, तिनं अर्ध्या कोबीसाठी ताटकळलेले साहेब बघितले आणि तिला काही ते बघवेना. पोर चांगली आहे, तिला नाव ठेवायला मला जागा नाही. दोन दिवसांनी पिवळ्या खोक्यातला प्लास्टिकचा रोल घेऊन आली. पातळ कागद, ताणला की आपोआप चिकटतो. "आई, कापलेल्या बाजूला हा गुंडाळायचा. दोन दिवस काही होत नाही. उगाच कुणाला थांबायला नको."

मी तर हरखूनच गेले. सकाळीच चार गड्डे कापले, गुंडाळले, ओळीनं मांडले. एका बाजूची जागा मोकळी झाली, तर तिथल्या उलट्या क्रेटवर टोमॅटो रचले. संध्याकाळी साहेब आले.

"घ्या साहेब!" मी गुंडाळलेला अर्धा पुढे केला. "सुटलात! आता थांबायची कटकट नाही."

त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. "म्हणजे आता थांबायला नको?"

"अजिबात नको."

"आणि दुसरा अर्धा?"

"तो काय, नेईल कुणीतरी."

त्यांनी क्रेटकडे बघितलं. टोमॅटोकडे बघितलं म्हणा. मग "चांगली सोय केलीत" म्हणाले आणि गेले. मी आपली खूश. पुढे दोन-तीन वेळा आले, दोन मिनिटांत घेऊन गेले. मग फक्त शनिवारी. मग तेही नाही.

कांदेवाला म्हणाला, "सुटलो बुवा!" त्याचं सुटलं होतं, माझं अडलं होतं. बुधवारची संध्याकाळ सरता सरेना. मी टोमॅटो इकडून तिकडे रचायचे, उगाच काटा पुसायचे. शाळेतल्या बाई आल्या, गुंडाळलेला अर्धा उचलला आणि म्हणाल्या, "तुमचे साहेब दिसत नाहीत हल्ली? करपली का नाही, विचारायचं राहिलंच." उभं राहायचं काही कारण नव्हतं, त्याही निघून गेल्या. मला इतकं एकटं नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा वाटलं.

एका दुपारी मंडईत गर्दी नव्हती. कांदेवाल्याला गाळ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि अर्धा कोबी घेऊन निघाले. साहेबांचं घर मंडईत सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी भीतीनं माहीत करून ठेवलेलं. टपाल कचेरीमागची इमारत, तिसरा मजला. गुडघ्यानं जीव नकोसा केला. दार उघडलं तर साहेब इस्त्रीच्या शर्टात, घरात बसायला!

दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. त्यांनी तो उचलून मला जागा केली, तर ढिगाखालची गादी अजून नवीकोरी होती. टेबलावर पितळी वजनांची पेटी, खात्यानं निरोपाला दिलेली, लखलखीत पुसलेली. मी कोबी ठेवायला म्हणून फ्रीज उघडला. आत दूध, पाव, आणि प्लास्टिक गुंडाळलेले तीन अर्धे गड्डे, जसे माझ्याकडून नेले तसेच्या तसे.

"हे काय?" मी तिथूनच ओरडले. "टाकायला नेता का माझा कोबी?"

"टाकवतही नाही," ते म्हणाले. "बसा आधी."

मी बसले. ते समोरच्या खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "मला कोबी फारसा आवडत नाही, बाई. पण तुमच्याकडे बसायचो तेव्हा दुसरा अर्धा कुणी नेला ते दिसायचं. घरी आलो की करायचो. जेवताना वाटायचं, पलीकडे कुणीतरी ह्याच गड्ड्याचं जेवतंय. एकट्याचं पान वाटायचं नाही. आता तो दुसरा अर्धा कुणाकडे जातो, कोण जाणे. मग करावंसंच वाटत नाही."

मी म्हटलं, "मग नुसतं येऊन बसा की हो!"

"नुसतं?" ते दचकले. "काय म्हणून?"

"काय म्हणून म्हणजे? बसायचं म्हणून."

"बाई, चाळीस वर्षं मी काम झाल्यावर कुणाच्या गाळ्यापुढे एक मिनिट थांबलो नाही. थांबलो असतो तर लोकांनी नको ते म्हटलं असतं. आता नुसताच जाऊन बसू? थांबायला काम लागतं."

पालथ्या घड्यावर पाणी. निघताना एवढंच म्हटलं, "शनिवारी ताजे गड्डे येतात. याल तर या." जिना उतरताना मी स्वतःला शिव्या घातल्या, काटा बंद केला तेव्हा त्यांना घातल्या होत्या त्यासुद्धा. बाहेर येऊन कठड्यावर बसून रडले. भाजीवालीच्या घरी रात्री चहा आणि पाव असतो, एकटीसाठी कोण चूल पेटवतं? माझंही पान एकट्याचंच होतं. मी कधी ते तोंडानं बोलले नव्हते, इतकंच.

त्या शनिवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाहीत. पुढच्या शनिवारी मी दुपारपासूनच क्रेट रिकामं करून उलटं घातलं होतं आणि एकही गड्डा कापला नव्हता. पाचच्या सुमाराला साहेब आले. वाळले होते.

"अर्धा कोबी मिळेल?"

मी गड्डा उचलला आणि परत खाली ठेवला. "थांबावं लागेल, साहेब. तो प्लास्टिकचा रोल संपला."

"संपला?"

"संपला."

मला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं. आणि रोल होता कुठे, तर क्रेटशेजारी पोत्याखाली, पिवळ्या खोक्याचं एक टोक बाहेर. साहेबांची नजर बरोब्बर तिथं गेली. ह्या माणसानं आयुष्यभर आतून पोखरलेली वजनं आणि पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधून काढलं होतं, आणि मी त्याच्यापासून हातभर खोका लपवायला निघाले होते. आता म्हणतील, बाई, हे काय आहे, आणि निघून जातील, ते कायमचेच.

साहेब क्रेटवर बसले. काठीवर हात ठेवले.

तेवढ्यात कांदेवाला आला, नेहमीसारखा काहीतरी उसनं मागायला. "ताई, तो तुझा प्लास्टिकचा रोल दे गं जरा, माझा डबा गळतोय."

मी तोंड उघडायच्या आत साहेबांची काठी हलली. काठीच्या टोकानं त्यांनी तो पिवळा खोका पोत्याखाली सारला, पार आत, दिसेनासा होईपर्यंत. मग कांदेवाल्याकडे बघितलं आणि काटा बंद करताना काढायचे त्या आवाजात म्हणाले, "संपलाय तो."

कांदेवाला मुकाट्यानं मागे फिरला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

शाळेतल्या बाईंना त्या दिवशी यायला फार उशीर झाला. मध्ये इस्त्रीवाला अर्धा कोबी मागायला आला होता, त्याला मी उद्या ये म्हटलं.