काकांची गोळी आणि भावाचं पपनस

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. हाताला अजून पपनसाचा वास येतोय, तो जायच्या आत मला आमच्या घरमालक काकांबद्दल लिहून टाकायचंय. अख्ख्या चेन्नईत घड्याळ ज्याला घाबरून चालतं असा माणूस एकच, आणि मी वेलचेरीत त्याच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहते. मी सांगलीची, ते तंजावरी मराठी. आमची भाषा एकच आहे असं आम्ही दोघंही मानतो, पण ते तमिळ सुरात "कोठें चाललीस गे?" विचारतात तेव्हा वाटतं, जुन्या बखरीतलं कुणीतरी उठून फिल्टर कॉफी प्यायला आलंय.

तर काकांच्या पोटात त्यांच्या धाकट्या भावाची किडनी आहे. शरीर तिला परकी समजतं, हाकलायला बघतं. तिला टिकवायचं तर सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गोळी घ्यायची, उपाशीपोटी, जन्मभर. काका ती पितळेच्या पानाच्या डब्यात ठेवतात. ऑपरेशननंतर पान सुटलं, मग सुपारीच्या खणात सकाळच्या आणि लवंगेच्या खणात संध्याकाळच्या, पट्टीसकट कातरलेल्या. जुन्या सवयीने पाहुण्यापुढे डबा उघडून धरतात आणि पाहुण्याने हात पुढे केला की खटकन मिटतात. देवळात प्रसादाचा गरम पोंगल मिळाला तर रुमालात बांधून आणतात, गोळीनंतर तास व्हायचा असतो ना. मी एकदा म्हटलं, काका, देवाला राग येईल. "देव समजून घेतो गे," म्हणाले, "किडनी नाहीं घेत."

आणि ते लग्न. मुहूर्त नेमका आठचा. नादस्वरम आणि तविल, म्हणजे तिकडचे सनई-चौघडे, एकदम टिपेला गेले, सगळे अक्षता टाकायला उठले, काकांच्या एका हातात अक्षता, दुसऱ्यात गोळी. गडबडीत अक्षता गेल्या तोंडात आणि गोळी नवरीच्या डोक्यावर. जवळ दुसरी होती, ती लगेच घेतली, पण तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. स्टेजवर चढून नवरीच्या गजऱ्यात गोळी शोधत बसले. फोटोग्राफर ओरडतोय, नवरा बघतोय, आणि हे शांतपणे, "कोण्या पोराच्या हातीं लागली म्हणजे?" सापडेपर्यंत खाली उतरले नाहीत.

पण ज्या भावाने किडनी दिली त्याच्याशीच ते बोलत नव्हते. भाऊ मैलापूरला, अंगणात पपनसाचं झाड. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घरी आला तो ताटात पपनस सोलून घेऊनच. डॉक्टरांनी पपनसाला सक्त मनाई केलेली, त्याने औषधाचा हिशोब बिघडतो. भाऊ म्हणाला, मधासारखं आहे, एका फोडीने काय होतंय. काकांनी ताट उचलून गल्लीत फेकलं. "आपली किडनी दिलास, आणि आतां तिलाच मारायला आलास?" भाऊ चप्पल घालून निघून गेला, तो परत आलाच नाही.

फक्त रोज, दोन्ही वेळा, आठला त्याचा मिस्ड कॉल यायचा. दोन रिंगा, कट. म्हणजे, घेतलीस का? काका गोळी गिळायचे आणि उलट दोन रिंगा द्यायचे. म्हणजे, घेतली. वर्षानुवर्षं दोघांचं एवढंच बोलणं. मी म्हणायचे, काका, एकदा उचला की. तर म्हणायचे, "उचललों तर भांडण होईल. हें बरं चाललंय."

मागच्या महिन्यात एका सकाळी रिंग आली नाही. काकांनी गोळी वेळेवरच घेतली, पण पेला हातात धरून फोनकडे बघत बसले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पूर्ण रिंग दिली. फोन भावाच्या बायकोने उचलला. पहाटे हार्ट अटॅकने भाऊ गेला होता.

मी त्यांच्यासोबत ऑटोने मैलापूरला गेले. भावाचा मुलगा परदेशातून यायचा होता म्हणून त्याला रात्रीपर्यंत ठेवलेलं. घरातून प्रेत निघेपर्यंत तिथे कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. आठ वाजायला आले तसा काकांनी डबा उघडला. खट असा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. एक म्हातारी आत्या म्हणाली, "आजचा दिवस राहूं दे रे. भाऊ आहे तो तुझा." काका भावाच्या उशाशी बसले होते. हळू म्हणाले, "ह्याचं सगळं आज जाणार, अत्ते. एवढंच मजपाशीं राहणार. तें सांभाळूं नक्को?" मग भावाची बायको उठली, आत गेली आणि स्वतः पाणी घेऊन आली.

आज भावाच्या बायकोने त्या झाडाचं पपनस पाठवलं. काकांनी मला खाली बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाले, खा. स्वतः डबा मांडीवर घेऊन नुसते बघत बसले. मी फोड तोंडात टाकली. इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे?"

"गोड आहे, काका."

"लबाड," ते म्हणाले. "त्याचं झाड जन्मांत गोड नव्हतं. त्या दिवशींही तो खोटंच बोलत होता." आणि हसले.

वर आले तेव्हा नेमके आठ वाजत होते. मी फोन घेतला, काकांना दोन रिंगा दिल्या आणि कट केला. मग खालून डबा मिटल्याचा आवाज आला आणि माझा फोन वाजला. दोनदा.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? कुणी आयुष्यभर भांडूनसुद्धा तुम्हाला रोज एवढंच विचारत राहिलंय का, घेतलीस का? सांगा ना.