रंगाखालची चीर

चूक माझी होती. हे वाक्य मी एकोणीस वर्षांपूर्वी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बोलायला हवं होतं. बोललो नाही.

मी तेव्हा फौजेत हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. पोस्टिंग डोंगरात. रोज ०५०० वाजता गाड्यांची तपासणी, ०६०० वाजता कॉलम, म्हणजे गाड्यांचा ताफा, रवाना. पुढची जीप नायक अरुण सोनटक्के चालवायचा. तोही इंदूरचा. आम्ही दोघं एकमेकांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत आमच्या हिंदीमिश्रित खिचडी मराठीत बोलू लागलो की कोल्हापूरचे जवान हसायचे.

एका दुपारी १४०० वाजता अरुणने मला जीपच्या मागे नेलं. मागच्या दारावर स्टेपनीचा कॅरियर होता. त्याच्या ब्रॅकेटला बोटभर चीर गेली होती. स्टेपनीचं वजन आणि तसला रस्ता, म्हणजे ब्रॅकेट काढून, मागून प्लेट लावून नीट वेल्ड करायला हवा होता. दोन तासांचं काम. पण १५०० वाजता सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. मी चिरेवरून एक वेल्ड ओढला आणि तो गरम असतानाच वर हिरवा रंग मारला. इन्स्पेक्शनआधी आमच्याकडे रंगाचा डबा सगळीकडे फिरायचा. त्यात हेही खपलं.

अरुण म्हणाला, "उस्ताद, आत चीर तशीच आहे ना?"

"इन्स्पेक्शन होऊ दे. संध्याकाळी खोलू."

"उस्ताद म्हणाले म्हणजे झालं, भिया."

संध्याकाळी दुसरी गाडी आली. मी विसरलो. सकाळी तपासणीत त्या जीपपुढे मी 'फिट' लिहिलं.

०९४० वाजता मी कॉलमच्या शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो. वायरलेस सेट वाजला. "फॉर ऑल स्टेशन्स. जीपची स्टेपनी रस्त्यावर पडली. हॉल्ट. हॉल्ट. ओव्हर." कॅरियर ब्रॅकेटासकट तुटला होता. वळणावर बर्फ होता आणि मागून जवानांनी भरलेला ट्रक येत होता. स्टेपनी वाटेतून काढायला अरुण धावला. ती त्याने कडेला ढकलली. ट्रकचा ब्रेक लागला, चाकं घसरली आणि ट्रक अरुणवर आला. मी पोहोचलो तेव्हा ०९५२ झाले होते. ट्रकमधल्या एकालाही खरचटलं नव्हतं. अरुण गेला होता.

इन्क्वायरीत मी म्हणालो, "खराब रस्ता, सर. मेटल थकलं असेल." रंगाबद्दल कोणी विचारलं नाही.

पेन्शन आली. इंदूरला मल्हारगंजात मी छोटं वर्कशॉप टाकलं. लग्न केलं नाही. दर दिवाळीला अरुणच्या घरी जायचो. त्याची बायको, मीरावहिनी, फराळाचं ताट द्यायच्या. त्यांची मुलगी मुक्ता मला काका म्हणायची. मला तेवढंच एक घर होतं. खरं सांगितलं तर तेही जाईल, या भीतीने मी गप्प राहिलो.

यंदा मुक्ता एक जुनी एसयूव्ही घेऊन वर्कशॉपवर आली. मातीचे नमुने गोळा करायला ती रोज देपालपुर, सांवेरच्या खेड्यांत जाते. सीएनजीची टाकी बसवल्यावर स्टेपनीला जागा उरली नव्हती.

"काका, बजट एकदम टाइट आहे. मागच्या दारावरच ठोकून द्या ना. वरून काळा पेंट मारा, कोण बघतंय?"

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दारावर नाही," मी म्हणालो. "दाराचा पत्रा नि बिजागऱ्या एवढं वजन धरत नाहीत. चासीला धरून करू. चार दिवस लागतील."

"चार दिवस? फौजी टाइम काय हा?"

भंगारातून जाड पाइप आणला. ट्रकच्या दाराची जुनी बिजागरी मिळाली. चासीला मागून प्लेट लावली, तिच्यावर बाजूला उघडणारा आडवा दांडा बसवला, दुसऱ्या टोकाला खटका. खर्च तिच्या बजेटात बसला. स्टेपनी चढवून मी स्वतः सांवेरच्या खराब रस्त्यावर गाडी चालवून आलो, मग प्रत्येक वेल्ड टॉर्चने तपासला.

चौथ्या दिवशी मुक्ता आली. "अरे, पेंट राहिला की काका!"

"राहिला नाही. मीच मारला नाही. आधी तू बघ. प्रत्येक जोडावरून बोट फिरव."

तिने हसत बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली. मी तिला सगळं सांगितलं. चीर, रंग, 'फिट', इन्क्वायरी. ती चासीजवळ उकिडवी बसली.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग बसा गाडीत. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

तिने गाडी थेट घरी नेली. मीरावहिनींनी दार उघडलं, माझे काळे हात बघून म्हणाल्या, "अहो, आज कसे? दिवाळी तर लांब आहे." मी चप्पल काढून आत गेलो. भिंतीवर अरुणचा युनिफॉर्ममधला फोटो होता. इतक्या दिवाळ्या मी त्याच्याकडे पाठ करून बसत आलो होतो. आज त्याच्यासमोर उभा राहिलो, सावधान.

"वहिनी, अरुणने मला चीर दाखवली होती. मी ती रंगाखाली लपवली आणि नंतर खोटं बोललो. तो माझ्यामुळे गेला. मला माफ करा."