शंभरपर्यंत मोजणारे मोमीन सर

आदरणीय निसार मोमीन सरांची आणि माझी पहिली भेट सातपूरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली आणि त्या भेटीत मी नापास झालो. बगलेत प्रमाणपत्रांची फाइल घेऊन मी नोकरी मागायला गेलो होतो. सर स्टुलावर बसून एका वॉकीटॉकीच्या सुट्या वायरीला डाग देत होते. फाइलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचा दुसरा सेट माझ्या हातात ठेवला आणि हा चालतो का, एवढंच विचारलं. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला. चालतो, म्हणालो.

“कुणी उत्तर दिलं?” सरांनी विचारलं.

कुणीच दिलं नव्हतं. मग त्यांनी शांतपणे समजावलं की दिवा लागणं हे सेटचं स्वतःविषयीचं मत झालं. ते ऐकून घ्यावं, त्यावर विसंबू नये. उद्यापासून या, असंही त्याच दमात सांगितलं. नापासाला नोकरी देणारे मला भेटलेले ते पहिले आणि शेवटचे मालक.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला दोनदा बजावलं की देवरे, लेखणीला जरा आवर घाला. काळजी रास्त आहे. मी आजवर ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांतले निम्मे माझ्याशी बोलत नाहीत. सरांच्या बाबतीत मात्र माझी अडचण वेगळीच आहे. गौरवग्रंथात सगळेच सत्पुरुष असतात, त्यामुळे खऱ्या माणसाला तिथे उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून मी मला ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

सरांचा जन्म मालेगावच्या मागवाल्यांच्या घरातला. वडील यंत्रमाग चालवत आणि तुटलेला धागा नुसत्या कानाने ओळखत, असं सर सांगतात. तो कान सरांकडे आला, पण मागाऐवजी तो बिनतारी सेटना लागला. त्यांचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डोंगराळ भागात जिथे मोबाइल मुका होतो, तिथे टेकडीवर एक मनोरा उभा करतात आणि त्याच्या पायथ्याच्या खोलीत रिपीटर नावाचं यंत्र बसवतात. दरीतल्या गाडीतून आलेला क्षीण आवाज उचलून पुढे फेकायचा, हे त्याचं काम. अलीकडे त्याला राउटर जोडला जातो, म्हणजे बागलाणातल्या टेकडीवर पोचलेला आवाज थेट नाशिकच्या नियंत्रण कक्षात ऐकू येतो. हे सगळं बसवणं आणि कुणी कुणाशी कोणत्या वाटेने बोलायचं हे त्या यंत्रांना शिकवणं, हा आमचा धंदा.

सरांची शिस्त त्रासदायक होती, हे आज त्यांच्यासमोर लिहायला हरकत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी, तीही स्वच्छ मराठीत, कारण पुढच्या वेळी वर कोण येईल हे आपल्याला माहीत नसतं. एकदा एका टेकडीच्या सामानाच्या यादीत त्यांनी यंत्राच्या कपाटाच्याही आधी चार पत्रे लिहिले. पत्रे कशाला, म्हणून समोरच्या साहेबांनी विचारलं. सर म्हणाले की राखणदाराचं खोपट गळतंय. यंत्राला छप्पर आणि माणसाला नाही, अशा ठिकाणी यंत्र जास्त दिवस टिकत नाही. साहेबांना यातलं विज्ञान कळलं नसावं, पण पत्रे आले.

आणि त्यांचा तो पाढा. काम संपलं की सर खोलीचा मेन स्विच पाडायला लावत, बॅटऱ्यांची जोडणीही सोडवायला लावत. मग शंभरपर्यंत मोठ्याने मोजायचं आणि पुन्हा सगळं चालू करायचं. यंत्रं जागी होऊन एकमेकांना ओळखू लागेपर्यंत अर्धा तास जातो. त्यानंतर खालच्या गाडीतून कुणी बोललं आणि नाशिकहून उत्तर आलं, तरच काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरांची सही होई. कारण साधं आहे. राउटरला दिलेल्या सूचना तो तात्पुरत्या लक्षात ठेवतो. ‘हे जतन कर’ असं वेगळं सांगावं लागतं. ते राहिलं, तर वीज असेपर्यंत सगळं उत्तम चालतं आणि वीज जाऊन आली की त्याला काहीच आठवत नाही.

आता जे लिहायचं आहे ते सरांच्या गौरवाचं आहे, माझ्या नाही.

सहा वर्षांपूर्वी सटाण्याच्या पलीकडच्या एका टेकडीवर आम्ही काम करत होतो. गावोगाव रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका संस्थेसाठी ही यंत्रणा होती. शेवटच्या दिवशी सर नाशिकला नियंत्रण कक्षात होते, वर मी होतो. दुपारी संस्थेची मंडळी नारळ आणि पेढे घेऊन टेकडी चढून आली. गाडीतून बोलणं झालं, नाशिकहून उत्तर आलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात सरांचा आवाज आला.

“देवरे, लाईट घालवून पाहिली का?”

पाहुणे उन्हात उभे होते. कुणीतरी माझ्यासमोर पेढा धरला होता. मी म्हणालो, “हो सर, पाहिली.” नाशिकला सरांनी सही केली.

पाचव्या दिवशी वादळ झालं, खांब वाकले, वीज गेली. बॅटऱ्यांनी जमेल तेवढी कळ काढली. दुसऱ्या दिवशी वीज आली आणि राखणदाराने पाहिलं तर सगळे दिवे हिरवे. आवाज मात्र टेकडीवरून पुढे जात नव्हता. त्याच दुपारी पंडित नावाच्या शेतकऱ्याचा पाय कांद्याने भरलेल्या ट्रॉलीखाली आला. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर नाशिकला हाका मारत राहिले. उत्तर नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात गेले. हाडांचे डॉक्टर त्या दिवशी तिथे नव्हते आणि ही गोष्ट नियंत्रण कक्षात भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेली होती. तिथून पुढे मालेगाव. पाय वाचला, पण आखूड राहिला. त्यात उशिराचा वाटा किती, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं होतं.

संस्थेच्या सचिवांनी आम्हाला बोलावलं ते भांडायला नव्हे. माणूस भला होता आणि स्वतः टाळ्या वाजवून आला होता. त्यांनीच सुचवलं की वादळ झालंच आहे, वीज कोसळून यंत्र बिघडलं असं लिहू. उरलेल्या चार टेकड्यांचं काम तुम्हालाच द्यायचं ठरतंय, त्यात विघ्न नको. खोलीतल्या सगळ्यांना हे पटलं. मला तर फारच पटलं. सरांनी चहा संपवला आणि मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

“लाईट घालवून पाहिली होती का?”

“नाही, सर.”

आत जाऊन त्यांनी अहवालात लिहिलं की राउटरमधल्या सूचना जतन केलेल्या नव्हत्या, वीज घालवून चाचणी झालेली नव्हती, आणि ‘मी, निसार मोमीन, स्वतः न पाहता दाखल्यावर सही केली’. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी ते दाखवलं, तर म्हणाले, “तुमचं तुम्ही लिहा. तुमच्या चुकीखाली माझी सही कशाला?”

मी लिहिलं. मला पाठीशी घातलं नाही आणि पुढेही ढकललं नाही. ज्याचं त्याच्या पदरात ठेवलं. असा न्याय मी नंतर कुठे पाहिला नाही. उरलेल्या चार टेकड्या दुसऱ्यांना गेल्या. सरांनी मला जीपमध्ये बसवलं आणि आम्ही पंडितभाऊंच्या घरी गेलो.

पंडितभाऊ ओट्यावर खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. सरांनी राउटर, वीज, सही, सगळं सोपं करून सांगितलं. माझा भाग मी सांगितला. मी त्याच तालुक्यातला, तेव्हा अहिराणीत सांगितला. आपल्या बोलीत खोटेपणा कबूल करणं जास्त अवघड जातं, हे तेव्हा कळलं. त्यांच्या पत्नी भाकरी थापायच्या थांबल्या होत्या. पंडितभाऊंनी पायाकडे पाहिलं.

“इतला दूर हाईच सांगाले उनात का?” एवढ्या लांब हेच सांगायला आलात का, असं ते विचारत होते. मग म्हणाले, “आते ते चालू शे ना?”

मी आदल्याच दिवशी दुरुस्त करून आलो होतो. हो म्हणायला तोंड उघडलं, तर सरांनी हाताने थांबवलं. “बघून सांगतो,” ते म्हणाले. तिथून आम्ही टेकडी चढलो. स्विच सरांनी पाडला, शंभर सरांनीच मोजले. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनी गाडी पंडितभाऊंच्या अंगणात लावली होती. यंत्रं जागी झाल्यावर नाशिकशी बोलणं झालं आणि मग सर टेकडीवरून त्या गाडीतल्या सेटशी बोलले, “पंडितभाऊ, चालू आहे.”

त्यानंतर सरांनी तो विषय कधीही काढला नाही. मला कामावर ठेवलं, तोच पगार, तेच ‘तुम्ही’. फक्त माझ्या शब्दावर सही करणं बंद झालं. प्रत्येक ठिकाणी सर स्वतः वर यायचे. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे. दर वीस पावलांवर हात टेकून थांबायचे आणि पुन्हा निघायचे. वर्कशॉपमधले लोक म्हणायचे, काय उत्साह आहे या वयात. मला माहीत होतं की त्या चढाचं कारण मी आहे. ते रागावले असते तर मी सुटलो असतो. पाच वर्षं मी त्यांच्यामागून चढलो आणि त्यांचा श्वास मोजला.

गेल्या हिवाळ्यात सुरगाण्याकडच्या एका टेकडीवर काम होतं. सर पायथ्याशी जीपमधून उतरले, वाटेकडे पाहिलं, मग एका दगडावर बसले आणि म्हणाले, “तुम्ही जा.” मी वर गेलो. काम संपेपर्यंत खाली उद्घाटनाचा मांडव भरला होता, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता आणि त्यांचा चालक घड्याळ बघत होता, हे मला सेटवरून वरही कळत होतं. सरांचा सेट मांडवातल्या कर्ण्याला जोडलेला होता, त्यामुळे विचारलेलं सगळ्यांनी ऐकलं.

“देवरे, लाईट घालवून पाहिली का?”

“नाही सर. अजून नाही. अर्धा तास लागेल.”

बिनतारी सेटवर आपण बोललो की बटण सोडावं लागतं, तेव्हाच पलीकडचं ऐकू येतं. मी बटण सोडलं आणि थांबलो.

“ठीक है,” सर म्हणाले. “पाहुण्यांना मी चहा पाजतो.”

मी स्विच पाडला, शंभर मोजले, अर्धा तास वाट पाहिली. गाडीतून हाक गेली, उत्तर आलं. झालं सर, एवढंच मी सांगितलं. खाली उतरलो तेव्हा जीपच्या बॉनेटवर दगडाखाली दाखला ठेवलेला होता आणि त्यावर सरांची सही होती. ते वर आले नव्हते.

मोमीन सरांच्या गुडघ्यांना आराम मिळो, तो मागवाल्यांचा कान असाच तीक्ष्ण राहो, प्रकृती ठणठणीत राहून त्यांना पुष्कळ आयुष्य लाभो, ही त्यांच्या सर्व सहकाऱ्यांच्या वतीने मनापासूनची प्रार्थना. जिल्ह्यात टेकड्या अजून बऱ्याच आहेत. चढायचं काम आमच्याकडे राहू द्यावं. सरांनी सावलीत बसावं आणि आम्हाला विचारत राहावं.