हिवरखेडला गेलेलं तिकीट

काळजी करणं ही विद्या मानली गेली असती, तर पेटीवाल्या भाईंना विद्यापीठानं घरी येऊन पदवी दिली असती. आणि त्या पदवीवरचा शिक्का पुसला तर जाणार नाही ना, या काळजीनं त्यांना पुढे आठ दिवस झोप आली नसती. भाईंच्या अशा गमती मी आजवर पुष्कळ जणांना सांगितल्या. लोक हसले, मीही हसलो. एक गोष्ट मात्र दरवेळी गाळत आलो. तिच्यात हसण्यासारखं बरंच आहे, पण शेवटाकडे मी आहे. भाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. मलाही डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे. आता नाही सांगितलं तर ती कुणालाच ठाऊक असणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

भाई अकोल्याच्या जुन्या शहरात हार्मोनियम दुरुस्त करायचे. माणूस मूळचा हिवरखेडचा. मी तिथे पोस्टमास्तर होतो तेव्हाची आमची ओळख. पुढे त्यांनी अकोल्यात दुकान टाकलं आणि मी बदल्या खात खात अमरावतीला येऊन निवृत्त झालो. पण अकोल्याला गेलो आणि मोर्णा नदी ओलांडून त्यांच्याकडे चहा घेतला नाही, असं कधी झालं नाही. दुकान बंद करण्याचा त्यांचा सोहळा पाहण्यासारखा असे. कुलूप लावायचं, त्याला लोंबकळून पाहायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा लोंबकळायचं, आणि मग शेजारच्या बांगडीवाल्याला विचारायचं, की मी आत्ता कुलूप ओढून पाहिलं ना? बांगडीवाला मान वर न करता "दोनदा" म्हणे. अमरावतीला यायचं असलं की ते आपल्या गाडीच्या आधीच्या गाडीलाही स्टेशनवर हजर असत. मी एकदा म्हटलं, भाई, तुम्हाला त्या गाडीनं जायचंच नसतं. त्यावर ते म्हणाले, "म्हनून तं बरं हाय, मास्तर. ते चुकली तरी चालते."

दुकानातल्या पेट्यांना ते गावाच्या नावानं हाक मारत. "वलगाव आज रडून राहिलं," म्हणत भाता उघडून बसत. पेटी वाजवताना गाल तिच्या लाकडाला टेकवायचा, जसा आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवतो. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. सलग दोन-तीन हंगाम कापसानं दगा दिला, गावोगावची भजनं मंदावली, आणि दुरुस्तीला टाकलेल्या पेट्या न्यायला कुणी येईना. भाईंचं अर्धं दुकान अशा पेट्यांनी भरलं होतं. दर जुम्म्याला नमाजेहून आले की ते एकेक पेटी उतरवून वाजवत, पट्ट्या धरून बसू नयेत म्हणून. मी त्यांना म्हटलं, विकून टाका, चार वर्षं झाली. ते माझ्याकडे घाबरून पाहू लागले. "चार वर्सं झाले म्हनून तं, मास्तर. आता कदीबी येतील."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या या माणसानं स्वतःच्या हातानं, लाकूड तासण्यापासून, एकच पेटी बनवली होती. ती त्यांनी तरुणपणी अकोल्यातल्या एका होतकरू वादकाला दिली. तो वादक पुढे मुंबईला गेला, मोठ्या गायिकेच्या साथीला बसू लागला, पण पेटी त्यानं बदलली नाही. भाईंनी ती मैफलीत कधीच ऐकली नव्हती. आणि आता ऐकण्याचे दिवस संपत आले होते, कारण भाईंचा डावा कान गेला होता आणि उजवा चालला होता. गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ते त्यांना उजवीकडच्या स्टुलावर बसवत. डावीकडे कुणी बसलं, तर तिथं मुंग्या आहेत असं सांगत. पेटीला गाल का लावतात, ते मला तेव्हा समजलं. हे एवढं फक्त मला माहीत होतं.

त्याच सुमारास ती गायिका अमरावतीला येणार असं कळलं. रविवारी सकाळची मैफल, लहानसं सभागृह, साथीला तोच वादक. तिकिटं फक्त मोबाईलवर मिळणार होती. मी दोन घेतली आणि भाईंना फोन केला. पलीकडून मग प्रश्न सुरू झाले. तिकीट हातात का देत नाहीत? मोबाईल बंद पडला तर आतलं तिकीट बाहेर कसं काढायचं? मी म्हटलं, त्या वादकालाच सांगा ना, मानानं आत बसवेल. भाई म्हणाले, कामाच्या दिवशी कारागिराला त्रास द्यायचा नसतो. शेवटी त्यांनी एवढ्या एका तिकिटासाठी कुणाचा तरी जुना टचवाला मोबाईल घेतला, मऊ कापडात गुंडाळला, आणि तिकिटाला यायला सोपं जावं म्हणून गच्चीवर नेऊन ठेवला.

आता माझी चूक सांगतो. चाळीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे मला माणसं गावाच्या खणात टाकायची सवय. माझ्या डायरीत गावागणिक एकेक पान होतं, आणि मोबाईल आला तेव्हा मी त्यातही तसंच भरलं. 'हिवरखेड' या एका नावाखाली दोन नंबर होते. एक भाईंचा. दुसरा माझ्या व्याह्यांचा, कारण माझी लेक हिवरखेडला दिलेली. भाईंचं तिकीट पाठवताना मोबाईलनं विचारलं, यातला कुठला? मी चष्मा शोधण्याचा आळस करून वरचा दाबला. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात गेलं नव्हतं; पण ते तिकीट सरळ व्याह्यांकडे जाऊन पडलं.

व्याही आणि मी चार वर्षं नीट बोललो नव्हतो. लग्नात मानाचा शेला त्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर पडला होता. तेव्हापासून त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नव्हती, आणि त्याचा सगळा भार माझी लेक तिथे मुकाट्यानं उचलत होती. घरात तिला कुणी टाकून बोलत नसे. सासरे बोलतच नसत, एवढंच. तिकीट गेल्यावर दहा मिनिटांत जावयानं ते त्यांच्या मोबाईलवर उघडून दिलं असावं, कारण व्याह्यांचा फोन आला. "इवाईबुवा, चार वर्सांनी का होईना, आठवन केली तुमी. येतो मी. मुक्कामालेच येतो." मी काय बोललो ते आता आठवत नाही. या या, असंच काहीतरी. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, मामंजींनी आज मला नावानं हाक मारली." आणि रडू लागली.

चुकलेलं तिकीट परत घेण्याची सोय होती. 'परत मागवा' असं एक बटण होतं. ते दाबलं की समोरच्याला विचारणा जाते, त्यानं हो म्हटलं की तिकीट आपल्याकडे येतं. मुदत मैफलीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत. मी ते बटण रोज उघडून पाहत होतो. व्याह्याला मानानं गेलेली वस्तू परत कशी मागायची? आणि नवं तिकीट एकही शिल्लक नव्हतं. दरम्यान भाईंचे फोन सुरू झाले, की गच्चीवर ठेवला तरी आलं नाही. मी त्यांना अर्धं खरं सांगितलं, की चुकून भलत्याच नंबरावर गेलं आणि तो नंबर कुणाचा ते कळत नाही.

मला वाटलं, ते निराश होतील. पण भाईंनी आपली सगळी काळजी बाहेर काढली आणि ती माझ्यावर पांघरली. मास्तर जेवले का, मास्तरांचं ब्लडप्रेशर कसं आहे, याचे सकाळ-संध्याकाळ फोन. मधल्या वेळात ते मोबाईलच्या तीन दुकानांत जाऊन आले, मदतीच्या नंबरावर तासभर सनई ऐकत बसले, आणि तिथल्या मुलीला रेल्वेच्या चुकलेल्या सामानाची कचेरी असते तशी तिकिटांची असते का, असं विचारून मोकळे झाले. मग म्हणाले, तो नंबर मला द्या, मी बोलतो, भला माणूस असेल तर देईल. मी सांगितलं, उचलत नाही तो. ही दुसरी थाप. भाई म्हणाले, "त्याच्या घरी काही दुःख झालं असन, मास्तर. म्हनून उचलत नसन. राहू द्या, नका लावू आता त्याले फोन."

मुदतीच्या दिवशी सकाळीच व्याही आले. कडक इस्त्रीची टोपी, लेकीनं दिलेला चिवड्याचा डबा. समोरच्या दिवाणावर बसून ते माझ्या शेजाऱ्यांना मोबाईलमधलं तिकीट दाखवत होते आणि आमच्या इवाईबुवांनी पाठवलं म्हणून सांगत होते. मी आतल्या खोलीत बटणावर अंगठा धरून बसलो होतो. बाहेरून त्यांचा हसण्याचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की या हसण्यावर हिवरखेडच्या स्वयंपाकघरात कुणाचे तरी दिवस अवलंबून आहेत. बारा वाजले, साडेबारा वाजले. मग ते बटण करडं पडलं. चुकून गेलेलं तिकीट त्या घटकेला मी दिलेलं तिकीट झालं. माझं स्वतःचं तिकीट भाईंना देता आलं असतं, हे वाचणाऱ्याच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पण पाहुण्याला एकट्याला पाठवून यजमान घरी कसा राहील, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी भाईंना कळवलं, की जमलं नाही. ते म्हणाले, मशीनच्या पुढं कोणाचं काय चालतं.

मैफल चांगली झाली. गायिकेनं आलाप सुरू केला आणि मागून पेटीचा सूर असा उठला, की सभागृहात कुणी खोकलंही नाही. संगीतातलं मला कळत नाही, पण तो आवाज गोड असूनही जरा भीतभीत येत होता, कुणाला आपला त्रास तर होत नाही ना असं विचारत. व्याही दुसऱ्या गाण्याला हात जोडलेल्या अवस्थेतच झोपी गेले. मध्यंतरात मी पाणी आणायला बाहेर पडलो आणि इमारतीला वळसा घातला, तर मागच्या बंद दाराशी भाई उभे होते. उजवा कान दाराच्या फळीला लावलेला, शेजारी जनरेटर धडधडत होता. मध्यंतर झालं हेही त्यांना समजलं नव्हतं, ते अजून ऐकतच होते. हातात कापडात गुंडाळलेला तो मोबाईल होता. न जाणो, अजूनही आलं तर.

मी वीस पावलांवर होतो. माझा मोबाईल त्यांच्या हातात ठेवून त्यांना उरलेल्या मैफलीला आत पाठवता आलं असतं. पण मग शेजारच्या खुर्चीवर कोण आहे ते त्यांना दिसलं असतं. हिवरखेडचा माणूस हिवरखेडच्या माणसाला ओळखणारच. मी पाण्याची बाटली घेऊन आत गेलो आणि माझ्या जागेवर बसलो.

पुढे व्याह्यांचं येणंजाणं सुरू झालं, लेक सुखात आहे. भाईंकडे जायला मला चार महिने लागले. आपण आलो होतो हे त्यांनी सांगितलं नाही, ते मला दिसले होते हे मी सांगितलं नाही. चहा मागवून झाल्यावर त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं, "कशी वाजली, मास्तर? खरं सांगा." मी उजवीकडे वाकून मोठ्यानं सांगितलं, की फार छान वाजली, सगळे गप्प झाले होते. दोनदा सांगावं लागलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, आणि तुमी होते ते बरं झालं, कोनीतरी आपलं तिथं होतं, असं म्हणाले.

मी उठून खिडकीपाशी गेलो. परत येताना त्यांच्या डावीकडे, त्या मुंग्यांच्या जागी, जाऊन बसलो. ते भात्याला चामड्याची पट्टी लावत होते. मी हळूच म्हणालो, भाई, तिकीट कुठं गेलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी मागितलं नाही, माझी चूक झाली, मला माफ करा. सगळं म्हणालो, एकही शब्द गाळला नाही.

भाईंना काय जाणवलं कोण जाणे. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली, उजवा कान माझ्याकडे वळवला आणि काळजीनं विचारलं, "काही म्हनले का, मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो.