शनिवारी आम्हाला घराबाहेर काढणारी काकी

माझा संसार मोडला नाही, कारण शेजारच्या काकीने तो मोडू दिला नाही.
ती आज सकाळी गेली.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याची, प्रशांतची चुलती. कुंपणापलीकडे एकटीच राहायची.

आमची मुलगी सई ऑटिस्टिक आहे. बोलत नाही. झोप कमी. मिक्सर लागला की स्वतःचा हात चावते.
ती जागी, तर आमच्यापैकी एक जागा. दुसरा झोपलेला, नाहीतर कामावर.
आमचं बोलणं काय, तर "जेवली?" "नाय." "गोळी?" "दिली."
पुढे पुढे तेही बंद झालं. मी माहेरी निघून जायच्या विचारात होते. प्रशांतला ते कळत होतं, पण तो विचारत नव्हता. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

काकीला कुणी काही सांगितलं नव्हतं. एका शनिवारी दुपारची ती आली, सईजवळ बसली आणि म्हणाली, "जावा दोघां दर्यार. आणि चेडवाचो विषय काढू नकात."

समुद्रावर गेलो. पण मुलीचा विषय सोडून काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी बांगडे घेतले आणि अर्ध्या तासात घरी.
काकी भडकली. "मासे हाडूक धाडलंय काय तुमका?"
बांगडे फ्रीजमध्ये टाकून पुन्हा निघालो. गाडीवर दोघांनाही हसू फुटलं. किती दिवसांनी, देव जाणे.

मग दर शनिवारी तिचं हेच. आम्ही कंटाळा केला तरी ती ऐकायची नाही.

जत्रेत आमचं गाऱ्हाणं दरवर्षी ठरलेलं. सईला वाचा येऊ दे. मानकरी देवाला सांगणार, मागे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणणार, आणि मी मान खाली घालून उभी. खरं सांगते, मला त्याचाही वीट आला होता.

गेल्या जत्रेत काकीने मानकऱ्यांना थांबवलं. "चेडू आसा तसा बरा आसा. ह्या दोघांसाठी गाऱ्हाणा घाल."
मानकरी गोंधळले. मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या घोव-बायलेचा एकमेकांशी जमान ऱ्हवांदे रे म्हाराजा."
नवरा-बायकोचं जमू दे, असं भर देवळात. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.
पण सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला तो प्रशांत.
मी तिथेच रडले.

आज तो काकीला खांदा देऊन आला. मी सईपाशी घरीच थांबले, कुणीतरी थांबायलाच हवं होतं.
आंघोळ करून तो माझ्याजवळ बसला.
"शनिवारी सई काकीची वाट बघतली."
"होय."
"तिका काय सांगया?"
"माका नाय ठावक."
मग तोच म्हणाला, "दोघांनी मिळान सांगया."

काकी, आम्ही खूप दमलोय. पण दोघं आहोत.
सुखाने जा.